पावसाळ्यात गोव्यातून काम होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

चतुर्थीला गावी आलेली, पुण्या-बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये असलेली मंडळी हमखास विचारतात: "जून ते सप्टेंबर इथून काम होईल का? लाइट जाते, नेट जातं, मग?"

होईल. पण बहुतेक जण पैसे चुकीच्या जागी घालतात. आधी सगळ्यात वेगवान कनेक्शन घेतात, मग मोठा इन्व्हर्टर. पावसाळ्यात अडतं ते वेगामुळे नाही, जोडणी तुटते म्हणून. ती कुठे तुटते, हे आधी ओळखता यायला हवं.

कनेक्शन घेण्यापूर्वी फायबरवाल्याला एकच प्रश्न विचारा: खांबावरच्या पेटीत नुसता स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) आहे की विजेवर चालणारा स्विच? स्प्लिटरला वीज लागत नाही. त्यामुळे अख्ख्या वाड्यावरची लाइट गेली तरी पलीकडे कंपनीच्या केंद्रात आणि अलीकडे तुमच्या घरात वीज असली की नेट चालू राहतं. वाटेत स्विच असेल तर त्याची बॅटरी संपली की संपलं. तुमचा इन्व्हर्टर कितीही मोठा असो. वेगाच्या आकड्यापेक्षा या उत्तराला मी जास्त किंमत देईन.

भिंतीवर जो डबा लावून जातात तो ओएनटी, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे नेटसाठी विजेचे संकेत करणारा. त्यावरचा 'एलओएस' दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. माडाची झावळ केबलवर पडलेली असते, नाहीतर कपाटामागे केबल काटकोनात दुमडलेली असते. दुमड सोडवून पाहा. नाही जमलं तर डबा बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा आणि तिच्यात 'एलओएस लाल' हे शब्द घाला. 'पॉन' म्हणजे कंपनीशी जोडणी दाखवणारा दिवा हिरवा स्थिर असूनही नेट नसेल तर केबल शाबूत आहे, दोष राउटरमध्ये किंवा कंपनीकडे. ओएनटीच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे २० च्या आसपास उत्तम. उणे २७ च्या खाली जोडणी टिकेलच असं नाही. मे महिन्यातला आकडा लिहून ठेवा. पावसात तो दोन-तीनने घसरला तर जोड तपासून घ्या, पूर्ण बंद पडायची वाट पाहू नका.

आता वीज. ओएनटी आणि राउटर सहसा १२ व्होल्ट डीसीवर चालतात, दोन्ही मिळून साधारण १२ वॅट. त्यांना छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा, पुरतो. खोक्यावरचा मोठा आकडा मात्र सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो: १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३७ वॅट-तास, हिशेबाने तीन तास, प्रत्यक्षात अडीच धरा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, अडॅप्टरवरचं लेबल वाचल्याशिवाय पिन घालू नका. पिनचं भोक २.१ मिलिमीटर की २.५, तेही पाहा. २.१ च्या जागी २.५ ची पिन बसते, पण सैल राहते, आणि मग राउटर दिवसातून चारदा आपोआप रीस्टार्ट होतो. कारण शोधण्यात लोकांचे आठवडे जातात.

गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर काढा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण केबलला आधार देणारी पोलादी तार नेते, आणि अंगणातून दुसऱ्या इमारतीत नेलेली लॅनची केबलही नेते. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग चांगलं असेल तरच उपयोगाचा. चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय फार जात नाही. कामाच्या खोलीत केबलच ओढा.

एवढं करूनही नेट जाणारच, म्हणून कामाची मांडणी तशी हवी. लिनस टोरव्हाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन लिहिलं, तेच प्रत्येकाच्या यंत्रावर पूर्ण इतिहास राहील अशा बेताने. कमिट (बदल नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी फांदी काढणं), जुन्या बदलांचा शोध, कशालाच नेट लागत नाही. सर्व्हरवरचं लांबलचक काम टीमक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवरच सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवा, म्हणजे जोडणी तुटली तरी ते मरत नाही. जोडणी सारखी तुटत असेल तर दूरच्या सर्व्हरवर काम करायला नेहमीच्या एसएसएचऐवजी तुटक नेटवरही टिकणारं मॉश वापरा. डॉकरच्या इमेजेस (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली गाठोडी) आदल्या दिवशी उतरवून ठेवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं किविक्स या ॲपवर ऑफलाइन वाचता येतात.

अनोळखी लोकांकडे ऑनलाइन मदत मागतानाही हाच विचार ठेवा. "कोणी आहे का?" असं विचारून थांबलात आणि तेवढ्यात लाइट गेली, तर दिवस फुकट. आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररचा पूर्ण मजकूर, स्क्रीनशॉट नव्हे, हे सगळं एकाच संदेशात लिहा. तुम्ही परत येईपर्यंत उत्तर येऊन पडलेलं असतं. ज्या टीममध्ये निर्णय लिहून होतात तिच्यात गोव्यातून काम सहज जमतं. जिथे दर तासाला व्हिडिओ कॉल लागतो तिथे मी कोणालाच पावसाळ्यात इथून काम करायचा सल्ला देणार नाही.

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी, सगळ्या फाइल सेव्ह करून, घराचा मेन स्विच तीन तास बंद ठेवा. सर्वात आधी काय बंद पडतं ते लिहून काढा आणि खरेदी त्याच क्रमाने करा.