कांद्याच्या पट्टीत उरते काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला आणि पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत, गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. त्या २ रुपयांवर पुष्कळ हळहळ झाली. मला मात्र वजा झालेले सुमारे ५१० रुपये अधिक बोलके वाटतात. कांदा कोसळला म्हणून भाडे आणि हमाली कोसळत नाही. इतरांचे आधी वळते होते आणि उरलेच काही, तर ते पिकवणाऱ्याचे.

भाव नसेल तर कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवा, हा सल्ला शहरात फार सहज दिला जातो. हिवाळ्यात येणारा लाल कांदा मुळातच टिकत नाही, तो निघाला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा काही महिने टिकतो खरा, पण चाळीत वजन घटते, सड लागते, कोंब फुटतात. शिवाय गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज, काढणीची मजुरी आणि खरिपाचे बियाणे यांची तजवीज ज्याला याच कांद्यातून करायची आहे, त्या दीड-दोन एकरवाल्याने थांबायचे कशाच्या बळावर?

थांबलेल्याचेही नशीब सरकारच्या हाती असते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि ८ डिसेंबरपासून, लाल कांद्याची आवक वाढत असतानाच, निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क पुन्हा लागले आणि त्यावर टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट आली; शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातील गृहिणीला कांदा परवडावा, यात गैर काहीच नाही; मात्र त्या स्वस्ताईचा खर्च तिजोरीऐवजी लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडून वसूल व्हावा, हे मला मान्य नाही.

उलट बाजूने भाव पडतो तेव्हा हालचाल अशी तातडीने होत नाही. २०२३ च्या पडझडीनंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले, परंतु त्यासाठी विक्रीपट्टीबरोबर सातबाऱ्यावर कांद्याची नोंदही मागितली. दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर वाट्याने कसणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो. तोटा त्याचा, कागद मालकाचा.