पाटी शेलची, घर मार्टींचं

मी बिअर पीत नाही. तरी न्यू उल्मच्या ब्रुअरीला जायचा हट्ट माझाच होता, आणि त्याला कारण मोर. लेकीने फोनवर एक फोटो दाखवला होता. लाल विटांची जुनी इमारत, समोर बाग आणि बागेत चक्क आपला मोर. मिनेसोटात! जिथे जानेवारीत उणे पंचवीस-तीस सहज उतरतं तिथे हा बिचारा काय करत असेल, ते मला बघायचं होतं. नवऱ्याला मोराशी कर्तव्य नव्हतं, पण तो लगेच तयार झाला.

मिनिआपोलिसहून नैर्ऋत्येला पावणेदोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. नवरा दर दहा मिनिटांनी "हे तर लातूर" म्हणायचा. गाडी चालवणारा जावई सोलापूरचा, मितभाषी. चौथ्यांदा लातूर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "लातूरला एवढं पाणी कुठलं, बाबा."

न्यू उल्म १८५४ साली जर्मन लोकांनी वसवलं. त्यांच्यातले बरेच टर्नर, म्हणजे सरळ मराठीत तालीमवाले. शरीर कमवायचं, वाचायचं, वाद घालायचे आणि देवाधर्माच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही. त्यांचा टर्नर हॉल गावात अजून उभा आहे. टेकडीवर हर्मानचं स्मारक आहे, इसवी सन ९ मध्ये रोमन सैन्याला धूळ चारणाऱ्या वीराचं, १०२ फूट उंच. चौकात ३७ घंटांचा मनोरा आहे, त्यातून ठरल्या वेळी बाहुल्या बाहेर येतात. दुपारी बाराचा प्रयोग आमचा चुकला, कारण नवऱ्याला नेमकं तेव्हाच सॉसेजचं दुकान सापडलं.

ब्रुअरी गावाच्या कडेला, कॉटनवुड नदीजवळच्या झाडीत आहे. ऑगस्ट शेल १८२८ साली ब्लॅक फॉरेस्टमधल्या डुर्बाखला जन्मला. विशीत अमेरिकेला आला, सिनसिनाटीत रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केलं आणि तिथल्या टर्नरांबरोबर १८५६ मध्ये न्यू उल्मला पोचला. गाव जर्मनांचं, आणि चांगली बिअर मात्र जवळपास नाही! १८६० साली त्याने जेकब बर्नहार्ट नावाच्या भागीदाराबरोबर ब्रुअरी काढली. बर्नहार्टला बिअरची विद्या अवगत होती, शेलला यंत्रांची. पुढे १८६६ मध्ये शेलने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला.

आत शिरल्याबरोबर वास आला आणि मी थबकले. नाचणीचं सत्त्व! आई नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवायची, मंद आचेवर भाजायची, तेव्हा घरभर पसरायचा अगदी तोच वास. इथे नाचणीऐवजी बार्ली, एवढाच फरक. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. सत्त्व गोडसर लागतं ते त्यामुळेच, आणि यीस्टला खायला मिळतं तेही तेच. फरक पुढे पडतो. आपण दूध घालतो, हे हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट फुलं घालतात आणि आठवडेच्या आठवडे गारव्यात मुरवत ठेवतात. हे मी गाइडला माझ्या इंग्रजीत समजावून सांगितलं. तिने फार कौतुकाने ऐकलं, कळलं किती देव जाणे.

मग तिने थेरेसाची गोष्ट सांगितली. थेरेसा म्हणजे ऑगस्टची बायको. १८६२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या मूळ रहिवासी डाकोटा लोकांनी न्यू उल्मवर दोनदा हल्ला केला, गावातला बराच भाग जळाला, लोक मॅनकेटोकडे पळाले. शेल परतले तेव्हा ब्रुअरी जशीच्या तशी. थेरेसा उपाशी डाकोटांना खायला घालायची, म्हणून त्यांनी हिला हात लावला नाही, असं सांगतात. गोष्ट गोड आहे आणि खरीही असेल. पण ज्यांची जमीन ही होती त्यांच्यावर दारोदार अन्न मागायची वेळ का आली, ते त्या गोष्टीत येत नाही. करार करून जमीन घेतली, बदल्यात ठरलेले पैसे त्या उन्हाळ्यात वेळेवर आले नाहीत, आणि व्यापारी उधारीवर धान्य देईनात. लढाईत दोन्हीकडची माणसं मेली, गोऱ्या वसाहतींतली तर शेकड्यांनी. २६ डिसेंबरला मॅनकेटोत ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. मॅनकेटो इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. आम्ही दोन दिवसांनी तिथे गेलो, पण त्यावर वेगळं लिहीन.

ऑगस्टला पुढे संधिवाताने पार जखडलं. १८८५ मध्ये त्याने इथे बंगला बांधला, बाग केली, हरणं पाळली आणि बसून बघत राहिला. बिअरच्या लेबलवर हरीण आलं ते तिथूनच. धंदा मुलगा ओटोने सांभाळला. १८९१ साली ऑगस्ट वारला आणि १९११ साली ओटो अचानक गेला. त्याच वर्षी थेरेसाही गेली.

इथे मी बोटं मोजायला लागले. गाइड "सहा पिढ्या" म्हणत होती, मग मधली कडी कुठली? तर ऑगस्टची मुलगी एम्मा. तिचा नवरा जॉर्ज मार्टी याने कारभार हाती घेतला. नंतर त्यांचा मुलगा आल्फ्रेड, त्याचा वॉरन, १९८५ पासून टेड, आणि मग बर्लिनला बिअर शिकून आलेला जेस. शंभराहून जास्त वर्षं मालक सगळे मार्टी, पाटीवर नाव अजून शेल. अमेरिकेत कुटुंबाकडेच राहिलेल्या ब्रुअऱ्यांमध्ये ही दुसरी जुनी. पहिली पेनसिल्व्हेनियातली युंगलिंग, १८२९ ची, तीही जर्मनाचीच.

माझ्या वडिलांचा सांगलीत छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. आम्ही दोघी बहिणी खिळे जुळवायला शिकलो होतो, उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भरभर वाचायचो. बाबा थकल्यावर यंत्रं भंगारात गेली. "मुलगा असता तर" असं येणारे-जाणारे म्हणायचे आणि बाबा मान हलवायचे. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विषय काढला नाही. एम्माला तरी कुणी विचारलं होतं का, कोण जाणे. पण ब्रुअरी राहिली.

जॉर्ज मार्टीच्या वाट्याला काळ मात्र वाईट आला. १९१७ मध्ये, जर्मनीविरुद्धच्या महायुद्धासाठी होणाऱ्या सक्तीच्या सैन्यभरतीवर गावात मोठी सभा झाली म्हणून गव्हर्नरने न्यू उल्मच्या महापौरालाच पदावरून दूर केलं. जर्मन आडनाव असणंच संशयाचं होतं. लगेच १९२० पासून दारूबंदी, ती तेरा वर्षं. त्यांनी मद्यार्क काढलेली बिअर विकली, शीतपेयं विकली, गोळ्या-चॉकलेटंसुद्धा केली. दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली ते साल त्यांच्या रूट बिअरच्या, म्हणजे बिनदारूच्या गोड शीतपेयाच्या नावात आहे, '१९१९'.

शेवटी चव घ्यायची वेळ. नवऱ्याने ओळीने छोटे ग्लास मांडून घेतले आणि 'फायरब्रिक' नावाच्या बिअरशी येऊन थांबला. वसंताआधीच्या बॉक बिअरच्या उत्सवात इथे बर्फात शेकोट्या पेटवतात आणि लालबुंद तापवलेली सळई बिअरच्या ग्लासात बुडवतात. साखर करपून वरचा फेस खरपूस लागतो म्हणे. "म्हणजे फोडणीच की," मी म्हटलं.

मला '१९१९' दिली. पहिला घोट घेतला आणि माझं तोंड बघून जावई खो-खो हसला. आयोडेक्स! कंबरेला चोळायचं ते कुणी साखर घालून प्यायला दिल्यासारखं. लेक म्हणाली, "थांब, तिसऱ्या घोटाला बरं वाटतं." ते मात्र खरं निघालं.

मोर बागेच्या टोकाला सापडला, पिसारा झडलेला. मी जवळ गेले तर अगदी खडकवासल्याच्या मोरासारखा केकाटला आणि भिंतीवर चढून बसला.

परतताना मिनिआपोलिसला नदीकाठी दिव्यांचा मोठा 'ग्रेन बेल्ट' बिअरचा फलक दिसला. लेकीच्या घराजवळच तो, रोज बघतो आम्ही. ती बिअर २००२ पासून शेलवाल्यांची, आणि फलकही त्यांचाच.

"मार्टींचा," मी म्हटलं.

"आई," जावई आरशातून बघत म्हणाला, "छापखान्याचं एखादं यंत्र राहिलंय का हो कुठे?"