आज पहिल्या झटक्यात थंब लागला

मंगळवार, रात्री साडेअकरा

सकाळी हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं आणि ते म्हणालं, ‘थँक यू.’

बोट ओढणीला पुसलं नव्हतं, फुंकर मारली नव्हती, ओलं करून परत ठेवलं नव्हतं. पॅकिंगच्या बायका रांगेत माझ्यामागे उभ्या राहायचं टाळतात, माझ्यापायी त्यांना लेटमार्क लागतो. आज त्यातलीच एक म्हणाली, “मॅडम, लागलं की ओ!” जशी काही मला सरकारी नोकरीच लागली.

हसले. पेढे देते म्हणाले. मग जागेवर जाऊन उजव्या हाताची पहिली दोन बोटं अंगठ्यावर घासून बघितली. मऊ.

दिवसभर तेच. ई-वे बिल काढताना, कार्टनचे नंबर टाकताना, टॉवेलचा जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, कमी भरतोय म्हणून पार्टी फोनवर ओरडत होती तेव्हासुद्धा अंगठा आपला बोटांवर फिरतोय. घट्टे कधी गेले? असं कसं कळलं नाही?

बेस गिटार बोटांनी वाजवणाऱ्याला घट्टे येतातच. आधी फोड येतो, फुटतो, परत त्याच जागी येतो, मग कातडीच शहाणी होते. माझी ई तार, सगळ्यात जाड आणि खालच्या सुराची, १०५ची, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले १०५ एवढी जाड. आम्ही ती आणखी खाली, डी सुराला उतरवायचो. तार ढिली पडते, मग तिला बोलतं करायला बोट आणखी आत घालावं लागतं. ते घट्टे काही मी हौसेने मिरवले नाहीत. उलट हळदीकुंकवाला कुणी हात हातात घेतला की मीच पटकन सोडवून घ्यायची.

ऑफिसला हे कधी सांगितलं नाही. नोंदणी झाली त्या दिवशी अंगठ्याला पट्टी होती, म्हणून पहिलं बोट घेतलं. ते कधी धड लागलंच नाही. डाव्या हाताची बोटं तर त्याहून वाईट, तिथे चारही बोटांवर तारांच्या रेघा. नोंदणी बदलायला मशीनवाला येणार होता तो अजून येतोय. मग माझ्यासाठी वेगळी वही आली, सही करायला. साहेब एकदा म्हणाले, “काय हो मॅडम, मोलकरीण सोडून गेली का?” मी म्हणाले, “हो ना सर.” संपलं. त्यापुढे काय सांगणार होते? की सर, रविवारी साखर पेठेच्या मागे एका कारखान्यात आम्ही चौघं मिळून मेटल वाजवतो, असा आवाज काढतो की कबुतरं पत्र्यावर बसत नाहीत?

त्या वहीचा मला राग यायचा. आता वाटतंय, तीच एक जागा होती त्या ऑफिसात जिथे माझं वेगळं काहीतरी लिहिलेलं होतं. हे जरा जास्तच झालं. असू दे, लिहिलंय ते लिहिलंय.

आमच्या ड्रमरचा, श्रीनूचा, मागांचा कारखाना म्हणजे आमची चैन होती, हे तेव्हा समजलं नाही. पुण्या-मुंबईतली पोरं तासाला पैसे मोजून जॅमरूम घेतात. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्वभागात रात्री कितीही वाजवा, शेजारच्या गल्लीतले माग आमच्यापेक्षा मोठ्याने चालायचे. खिडक्यांत मागावर नक्षी विणायचे जकार्डचे जुने पुठ्ठे कोंबलेले, आणि बास ड्रमच्या पोटात आवाज आवळायला दोन घड्या घातलेली चादर. सोलापुरी चादर कुठे कुठे पोचली असेल, आमची तिथे होती. श्रीनूला कुणी ताल शिकवला नाही. साधा माग मिनिटाला शंभरच्या आसपास धोटा फेकतो, शेजारचा थोडा पुढेमागे, त्यामुळे दोन माग कधीच एका तालात चालत नाहीत. सरकत सरकत मध्येच एकदा जुळतात आणि परत सुटतात. श्रीनू लहानपणापासून त्यात झोपलेला माणूस. पम्या इंटरनेटवरून विषम मात्रांचे रिफ, म्हणजे गिटारचे तुकडे, उतरवून आणायचा, तासभर मोजत बसायचा, आणि श्रीनू म्हणायचा, “मोजूलालास कशाला बे, ते तर आमच्या तीन नंबरच्या मागासारखं हाय.”

आणि तो हमिंगचा आवाज. तिथलं अर्थिंग असलं भिकार की अँप लावला की घूंऽऽ सुरू. आपली वीज ५० हर्ट्झची. डीला उतरवलेल्या माझ्या ई तारेचा पाचवा फ्रेट (पडदा), म्हणजे जी सूर, ४९ हर्ट्झचा. म्हणजे अख्खा कारखाना कायम जीमध्ये, पण केसभर चढा. इरफान म्हणायचा, वीज मंडळ आपला पाचवा मेंबर आहे आणि तो कधीच सुरात नसतो.

इरफानचा घसा हा वेगळाच विषय. अकरावी-बारावीच्या बॅचेस घेऊन शनिवारपर्यंत त्याच्या घशातून ग्राउल, मेटलमधलं ते गुरगुरतं गाणं, आपोआप निघायचा. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीने इतकं हेवी कुणाला केलं नसेल.

माग भंगारात गेले ते आता... नको. ते श्रीनूने लिहावं. मी नाही.

तर कधी गेले घट्टे? आठवायचा प्रयत्न केला. शेवटची प्रॅक्टिस कुठली, ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण ती शेवटची आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. भांडण झालं असतं तर तारीख लक्षात राहिली असती. लग्नानंतर बंद झालं असं लोकांना वाटतं, आईलाही वाटतं (तिला तर बरंच वाटतं). पण अमोल कधी नको म्हणाला नाही. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तर पहिल्या दिवाळीला गिटार पुसून ठेवली होती, चारच तारा बघून विचारलं, “बाकीच्या तुटल्या का गं?” कुणावर ढकलायची सोयच नाही. तेच तर खुपतंय. कुणी हिसकावून नेलं असतं तर रडता आलं असतं. हे नुसतंच गेलं. महिनाअखेर, ऑडिट, पाणी, आत्यांचा गुडघा, परत महिनाअखेर.

२२ जुलै २०२५ला ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी गेला तेव्हा ग्रुप एकदम जागा झाला. ५ तारखेला बर्मिंगहॅमला त्यांचा शेवटचा शो झाला होता, ऑझी सिंहासनावर बसून गायला, आम्ही चौघांनी चार घरांत बसून क्लिपा बघितल्या होत्या. श्रीनूने लिहिलं, “या रविवारी. कुठंबी. बसून वाजवू पण वाजवू.” सगळ्यांनी हौ म्हटलं. आणि मग शनिवारी रात्री कळलं की पम्याकडे आणि माझ्याकडे रविवारीच पाणी येणार. सोलापुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून ऑझीला श्रद्धांजली वाहायला कोण जातं! पम्या पूर्वी नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडमधल्या फेनरिझचं उदाहरण द्यायचा. म्हणे एवढा मोठा ब्लॅक मेटलवाला, पण पोस्टात नोकरी करतो आणि रेकॉर्डही काढतो. हो, पण नॉर्वेत पोस्टातून घरी आल्यावर पिंप भरायचं नसतं.

सॅबथचा गिटारिस्ट आयोमी, त्याची गोष्ट तर अजिबात नको होती आज, पण तीच दिवसभर डोक्यात. प्रत्येक मेटलवाला ती एकदा तरी सांगतो आणि सांगताना आवाज खाली आणतो. १७ वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला तर परत जायचं नव्हतं, आई म्हणाली दिवस पुरा कर. गेला, आणि मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्याने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, त्यावर चामडं लावलं, हलक्या तारा चढवल्या, पुढे तारा उतरवून वाजवायला लागला. तो जड, खालचा आवाज आला त्यात या बोटांचा वाटा मोठा. हे ऐकून आम्ही मोठे झालो. त्याची मशीनने बोटं नेली, तो थांबला नाही. माझी मशीनने परत आणून दिली आणि मी दुपारी डबा खाताना डोळे पुसतेय. वा.

संध्याकाळी श्रीनूकडे गेले. मुद्दाम नाही, अशोक चौकात सासूबाईंच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. तो शोरूममधून आला नव्हता. अम्मा ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या.

“तिन्नावा?”

“जेवायचंय अजून, अम्मा.”

बसले. त्यांचे हात बघत होते, एरवी कधी बघितले नसतील असे. पान, तंबाखू, वळ, टोक दाब, दोरा. बोलताना थांबत नाहीत. रेशनचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, परत गेले होते, परत बोट लागलं नाही. दुकानदार म्हणतो उद्या या. आता नातवाच्या अंगठ्यावर आणतात. मी उगीच म्हणाले, “माझं आज लागलं अम्मा, ऑफिसात.” त्यांनी हात थांबवला, माझं बोट हातात घेऊन उजेडाकडे फिरवून बघितलं, पोळपाटावरची भाकरी बघावी तसं. “चांगलं झालं की,” म्हणाल्या. “आता रेशन मिळंल तुला.”

मला इतकं हसू आलं. त्यांना कळेना काय झालं. त्यांची रेघ आयुष्यभर विड्यांनी खाल्ली, आणि त्यातून एक गाणंही निघालं नाही, धान्यही नीट निघत नाही. आणि मी सकाळपासून... जाऊ दे. याचा पुढचा अर्थ मला लावायचा नाही. लावला तर मी फार चांगली बाई असल्यासारखं वाटायला लागेल आणि तेवढी मी नाही. मला अजूनही माझे घट्टे हवेत.

परत येताना कुठल्यातरी मिरवणुकीत अडकले. डीजे. छातीत बसतो तो बेस, रिक्षाच्या काचा थरथरत होत्या. कारखान्यातल्या आमच्या आवाजाला ‘राक्षसी’ म्हणणारे एक ओळखीचे काका पुढे रुमाल फिरवत होते. मी रिक्षात बसून ऐकलं, किक ड्रम आणि बेस एकाच जागी, सगळं चिखल. श्रीनू असता तर म्हणाला असता, जुळलं म्हणजे ताल न्हवं. त्याच्यापेक्षा गणपतीतलं लेझीम बरं, हलगी जरा मागे राहते आणि पोरांचे पाय पुढे जातात, तिथे तरी वजन आहे.

घरी येऊन ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं: “थंब लागला.” इरफानने हसण्याचे तोंड टाकले. पम्याने “पार्टी”. श्रीनूने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग लिहिलं, “कुठला हात?”

“उजवा.”

“मग वाजीव की बे.”

गड्ड्याला, सिद्धेश्वरच्या जत्रेला, सगळे असतात. पम्याला संक्रांतीची सुट्टी, इरफानच्या बॅचेस बंद. मामाच्या गोडाऊनमध्ये लाइट आहे म्हणतो श्रीनू. होईल, न होईल. पाण्याचं वेळापत्रक बघायला हवं.

नव्या तारांचा चांगला सेट स्वस्तात येत नाही, आणि या महिन्यात नाही. म्हणून जुन्या काढून उकळायला ठेवल्या. उकळल्या की मळ निघतो, आठवडाभर तरी बोलतात, मग परत मुक्या. खळखळ ऐकून आत्या उठून आल्या, पाणी प्यायला म्हणून. पातेल्यात डोकावल्या. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. गॅस थोडा बारीक केला.

“दुधाचं नाही ना घेतलंस?”

“नाही आत्या, भाताचं.”

“मग ठीक आहे,” म्हणाल्या, आणि चिमटा काढून ओट्यावर ठेवून गेल्या.