१३३ मेगाहर्ट्झला अडखळणारी मेमरी
एफपीजीए (हवे तसे सर्किट भरता येणारी चिप) बोर्डावरील एसडीरॅम, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांवर चालणारी मेमरी चिप, १०० मेगाहर्ट्झला तासन्‌तास निर्दोष चालत होती, पण १३३ ला नेताच वाचलेल्या शब्दातील एखादा बिट अधूनमधून उलटत होता. आजचा संपूर्ण दिवस त्या एका बिटामागे गेला. टायमिंगचा अहवाल (सिग्नल वेळेत पोहोचतात का, याची सॉफ्टवेअरने केलेली तपासणी) स्वच्छ होता आणि दुपारपर्यंत मी त्यावर विश्वास ठेवला, हेच चुकले. मेमरीच्या पिनांना इनपुट-आउटपुट विलंबाच्या मर्यादा दिलेल्याच नव्हत्या, त्यामुळे तो मार्ग तपासलाच गेला नव्हता.

मग हिशेब कागदावर मांडला. या वेगाला एक आवर्तन साधारण ७.५ नॅनोसेकंदांचे असते, त्यातले ५.४ चिपला डेटा बाहेर काढायलाच लागू शकतात आणि उरलेल्या २.१ मध्ये क्लॉक चिपपर्यंत पोहोचणे, डेटा परत येणे व रजिस्टरचा सेटअप (डेटा टिपण्याआधी तो स्थिर असण्याची वेळ), एवढे सारे बसवावे लागते. पीएलएलमधून (क्लॉक तयार करणारे व ते मागेपुढे सरकवू शकणारे सर्किट) मेमरीला जाणारे क्लॉक थोडे आधी सरकवताच वाचन सुधारले. आणखी सरकवल्यावर लेखन बिघडले (याने मला समाधानच वाटले, कारण चालू शकणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा सापडल्या). फेज, म्हणजे क्लॉक किती सरकवायचे ते, त्या कडांच्या मध्यावर ठेवली आहे, वाचनाचे रजिस्टर पिनेलगतच्या आयओ ब्लॉकमध्ये हलवले आहे आणि राहिलेल्या मर्यादाही लिहिल्या आहेत. बोर्ड तापल्यावर काय होते ते पाहण्यासाठी चाचणी रात्रभर चालू ठेवली आहे.