पूर्वज की भाऊबंद?

शाळेने काय दिले, असे स्मरणिकेच्या संपादकांनी विचारले आहे. गणित फारसे दिले नाही. एक खोड मात्र लावली. जुन्या काळच्या प्राण्याचे चित्र दिसले की मी आधी विचारतो, हा आजच्या प्राण्याचा पूर्वज की नुसता भाऊबंद? ही खोड विज्ञानाच्या सरांची.

रंगात आले की सर अहिराणीवर यायचे. फळ्यावर मॅमथ काढून म्हणाले, "हाऊ हत्तीना बाप शे का?" सगळा वर्ग "हो सर!" सर हसले, "नही रे भो, चुलतभाऊ शे." आपल्या हत्तीला आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षाही मॅमथ जवळचा, हे नंतर वाचले.

पूर्वज म्हणजे अगडबंबच, ही आमची दुसरी समजूत. ती सारंगखेड्याच्या घोडेबाजाराने मोडली. सरांनी तिथे एका घोड्याचा खूर दाखवला आणि सांगितले, हे मधल्या बोटाचे नख. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी याचा पूर्वज कोल्ह्याएवढा होता, पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना तीन. जंगलात कोवळा पाला खायचा. पुढे गवताळ माळराने पसरली, तसे पळण्यासाठी पाय लांबले, बोटे गळत गेली आणि खरखरीत गवत चावून झिजणारे दात उंच झाले. घोड्याचा मालक मात्र "घ्यायचाय का?" एवढेच विचारत होता.

बैलाचे उलटे. पोळ्याला आपण सजवतो त्या बैलाचा रानटी पूर्वज खांद्यापाशीच जवळजवळ सहा फूट. त्याची हाडे नर्मदेच्या गाळात सापडली आहेत. माणसाने दावणीला बांधला आणि तो लहान होत गेला. या रानटी जातीची युरोपातली शेवटची गाय 1627 मध्ये पोलंडमध्ये मेली.

आणि काही प्राणी बदललेच नाहीत, नुसते निघून गेले. आमची सहल पाटणादेवीला जायची. तिथल्याच पाटणे गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर माणसाने कोरलेली जाळीदार नक्षी आहे. चाळीसगाव तालुक्यात शहामृग! देशात इतरत्र सापडलेल्या अशाच कवचांतला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने तपासला, तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. म्हणजे हा पूर्वजही नाही आणि चुलतभाऊही नाही. सरांनी याला काय म्हटले असते, ते मात्र त्यांनाच विचारायला हवे होते.