उंदरांचं हृदय आणि मामांच्या गोळ्या

जांबोटीच्या मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली: अर्जुन झाडाच्या सालीतल्या अर्जुनोलिक आम्लामुळे उंदरांचं हृदय वाचलं. खाली प्रश्न, "मग ह्या गोळ्या कशाला खाऊलोय गं मी?"

मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलाय. मी बेळगावात औषधशास्त्र शिकवते, असे प्रयोग जवळून बघते. बातमी खोटी नाही, म्हणूनच मला जास्त काळजी वाटली.

प्रयोग असा असतो. साधारण २०० ग्रॅम वजनाचे तरुण, निरोगी विस्टार (प्रयोगशाळेतल्या एका जातीचे) उंदीर घेतात. दोन-तीन आठवडे रोज वनस्पतीतला घटक पाजतात. मग आयसोप्रिनालिन हे हृदयाचे ठोके वाढवणारं औषध, बहुतेक वेळा किलोमागे ८५ मिलिग्रॅम, सलग दोन दिवस कातडीखाली टोचतात. हृदय इतकं धडधडतं की ऑक्सिजन पुरत नाही, पेशींत कॅल्शियम साचतं, स्नायू जागोजागी मरतो. मेलेल्या पेशींतून सीके-एमबी आणि ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूतली प्रथिनं रक्तात येतात. घटक मिळालेल्या उंदरांत ते कमी आले, हृदयाच्या पातळ कापात इजा कमी दिसली, तर संरक्षण झालं म्हणायचं. असे काप मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. फरक डोळ्यांना दिसतो आणि मनापासून आनंद होतो.

पण मामा, त्या उंदरांची रक्तवाहिनी बंद पडलेली नव्हती. तुमच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर होता, त्यावर गुठळी जमली. आता तिथल्या जाळीवर पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या आहेत. मनानेच सोडलीत तर जाळी बंद होऊन जीवावर बेतू शकतं.

शिवाय उंदरांना घटक इजेच्या आधी मिळाला, तुम्ही अर्जुनाचा काढा नंतर घेताय. मात्राही बघा. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. किलोमागे १०० मिलिग्रॅम असेल तर ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम, तोही शुद्ध घटक. मलप्रभेकाठच्या झाडाची साल दुधात उकळून पेलाभर काढ्यात तो किती उतरतो, हे प्रत्येक सालीगणिक बदलतं.

काढा सोडा असं मी मामांना म्हटलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांना मात्र सांगायला लावलं, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत वनौषधी घेताना रक्तस्रावाकडे त्यांचं लक्ष हवं.

आमच्या पुढच्या प्रयोगात आधी इजा आणि मग औषध, असा एक गट हवाच, हा माझा आग्रह आहे. प्राणी-नैतिकता समितीपुढच्या प्रस्तावात मी तोच मुद्दा पहिला लिहिलाय.