काळी दोनची बाई पांढरी एकवर

तक्रार अशी होती की टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, सगळ्या गायिका घोगऱ्या लागतात. यंत्र अकूस्टिक रिसर्चचं एक्सए, बेल्टवर चालणारं, घरातल्या कुणीतरी पूर्वी अमेरिकेतून आणलेलं. दुरुस्तीला घेऊन आलेल्या काकू स्वतः पेटी वाजवतात, त्यामुळे तक्रार मोघम नव्हती. "ही बाई काळी दोनला गायची. इथे ती पांढरी एकला येते, तीही जरा उतरलेली. बेल्ट बदलून झालाय, तेल घालून झालंय. आणि वेग तर बरोबर दाखवतोय!"

काळी दोन ते पांढरी एक म्हणजे पेटीवर तीन पट्ट्या. इतकं कळलं तरी बेल्टवरचा संशय फिटतो. सैल बेल्ट घसरतो तेव्हा स्वर एका जागी उतरून तिथेच थांबत नाही. तो लोंबतो. संथ आलापात हेलकावे येतात, रेकॉर्डवर ब्रश टेकवला की आणखी खाली जातो. तेल वाळून बेअरिंग धरलं असेल तर सुरुवातीला जड आणि थोड्या वेळाने बरं, असं होतं. इथे स्वर तीन पट्ट्या खाली, पण ढळत नव्हता. म्हणजे घसरण नाही, गुणोत्तर चुकलंय.

मग वेग मोजला, तोही मोबाइल बाजूला ठेवून. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या, कडेला कागदाचा कपटा चिकटवायचा, घड्याळ लावायचं आणि तीन मिनिटं फेरे मोजायचे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग असेल तर बरोबर १०० फेरे होतात. इथे ८३ भरले आणि चौऱ्याऐंशीवा निम्म्याच्या आत राहिला. मिनिटाला २७.८ फेरे. २७.८ ला ३३⅓ ने भागलं की पाच षष्ठांश येतात आणि ५० भागिले ६० म्हणजेही तेच. कोडं इथेच सुटलं.

एक्सएची मोटर सिंक्रोनस आहे. अशी मोटर व्होल्टेजकडे बघून वेग ठरवत नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीकडे, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांकडे, बघून ठरवते. अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर ती मिनिटाला ३०० फेरे घेते, आपल्या ५० हर्ट्झवर २५०. घरी ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला होता आणि सगळ्यांची समजूत अशी की अमेरिकन यंत्राला अमेरिकन वीज मिळाली. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी पुढे पाठवतो. मोटरच्या शाफ्टवर पुली मात्र ६० हर्ट्झची, म्हणजे लहान. मिक्सर चालतो, टेबल लॅम्प चालतो, म्हणून टर्नटेबलही चालेल असं वाटणं साहजिक आहे. चालतंच की ते, फक्त सावकाश.

पण मग "वेग बरोबर दाखवतोय" हे कुठून आलं? काकूंकडे यंत्राबरोबरच आलेली स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायच्या रेघांची, चकती होती. ट्यूबलाइटखाली ठेवली की रेघा अगदी स्थिर. याआधी ज्यांनी ज्यांनी यंत्र बघितलं, त्यांनी ही चकती ठेवली, रेघा स्थिर बघितल्या आणि वेगाचा विषय सोडून दिला. चकती अमेरिकन, म्हणजे तिच्यावर २१६ रेघा. ६० हर्ट्झचा दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो आणि ३३⅓ वर २१६ रेघांपैकी सेकंदाला १२० समोरून जातात, म्हणून त्या थांबल्यासारख्या दिसतात. आता आपल्याकडे बघा. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्लॅटर २७.८ वर. २१६ गुणिले २७.८ भागिले ६०, उत्तर १००. रेघा पुन्हा स्थिर! मोटर, दिवा आणि चकती तिघंही एकाच प्रमाणात चुकत होते, त्यामुळे एकमेकांची साक्ष बिनतोड जुळत होती. आपल्या विजेवर १८० रेघांची चकती हवी. दोन्ही वर्तुळं छापलेली चकती घेतलीत तर १८० वाली ओळखून तिथे खूण करून ठेवा. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली स्ट्रोब दिसतच नाही, कारण ते लुकलुकत नाहीत. अशा वेळी निऑन टेस्टर सॉकेटमध्ये धरून त्याच्या उजेडात बघायचं.

यंत्र उलटं करून उघडलं. एडगर व्हिलचर यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या या रचनेत प्लॅटर आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) एकाच आतल्या सांगाड्यावर असतात आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगतो. मोटर मात्र वरच्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे तिची थरथर सुईपर्यंत जायला बेल्टखेरीज थेट वाट नाही. नंतरच्या कित्येक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. सांगायचं कारण असं की या रचनेत बेल्टचा ताण फार महत्त्वाचा. वेग वाढेल या आशेने कुणीतरी मापापेक्षा लहान, चौकोनी, टेपरेकॉर्डरच्या जातीचा बेल्ट ताणून बसवला होता. त्याने वेग काडीचाही वाढत नाही. उलट तरंगता सांगाडा मोटरकडे ओढला जातो, स्प्रिंगा तिरक्या बसतात, बेअरिंगवर एका बाजूने भार येतो आणि मोटरची घरघर थेट स्पीकरमध्ये उतरते. इथे हे सगळं झालं होतं. शिवाय बेअरिंगमध्ये चिकट, पिवळसर, ओळखीच्या वासाचा थर निघाला. खोबरेल! ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी यंत्र का सुरू होत नव्हतं, त्याचाही खुलासा झाला.

मोटरला हात लावला तर चटका बसला. तेही फ्रिक्वेन्सीचंच देणं. कॉइलचा अडथळा फ्रिक्वेन्सीबरोबर घटतो, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर जास्त करंट वाहतो. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला ५० हर्ट्झवर त्याच्या पाच षष्ठांश, म्हणजे ९६ व्होल्टच्या आसपास द्यायला हवेत. ट्रान्सफॉर्मरमधून प्रत्यक्षात ११८ येत होते. गरम मोटर जास्त थरथरते आणि तिचं वंगणही लवकर जळतं. त्यातून हा ट्रान्सफॉर्मर स्वस्तातला ऑटोट्रान्सफॉर्मर होता. त्यात घरची लाइन आणि यंत्र एकाच वायरीने जोडलेले राहतात. पिन उलटी बसली तर अर्थिंग नसलेल्या धातूच्या यंत्राला फेज लागायला फार काही घडावं लागत नाही. तो पहिला बाजूला काढला. त्याच्या जागी वेगळं प्रायमरी-सेकंडरी वाइंडिंग असलेला, २३० ते ९६ व्होल्टचा, २५ व्हीएचा ट्रान्सफॉर्मर वळून घेतला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली तर असं काम करून देणारे मिळतात. तो टर्नटेबलपासून दोन फूट लांब ठेवायचा, नाहीतर कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) त्याची गुणगुण उचलतं.

आता मुख्य काम, पुलीचं. तयार ५० हर्ट्झची पुली परदेशातून मागवता येते. इथे भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली. त्यात एक खाच आहे, ती बहुतेकांना नडते. वेग सहा पंचमांश करायचा म्हणून पुलीचा व्यास १.२ ने गुणला की झालं, असं वाटतं. तसं नाही. बेल्टला जाडी असते आणि वेग ठरतो बेल्टच्या मध्यरेषेवर. म्हणजे खरा व्यास पुली अधिक बेल्टची जाडी. हिशेबाला सोपा आकडा घेऊ. जुनी पुली १० मि.मी., बेल्ट ०.६ मि.मी. खरा व्यास १०.६. त्याचे १.२ पट १२.७२. त्यातून बेल्टचे ०.६ वजा, म्हणजे पुली हवी १२.१२ मि.मी. नुसतं गुणून १२.०० ची केली तर वेग जवळजवळ एक टक्का कमी पडतो. स्वरात बोलायचं तर १६ सेंट (एका पट्टीचे १०० सेंट). तंबोऱ्याशी कान लागलेल्या माणसाला ते खुपतं, आणि काकूंसारखी व्यक्ती यंत्र पुन्हा परत घेऊन येते.

लेथवाल्याला चित्र देताना तीन गोष्टी ठळक लिहिल्या. शाफ्टचं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत काढायचा, मध्ये चकमधून काम सोडवायचं नाही. सोडवून परत धरलं की केंद्र सरकतं. या मापाच्या पुलीचं केंद्र ०.०२ मि.मी. जरी सरकलं तरी वेगात ०.३ टक्क्यांची चढउतार येते, मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला चार वेळा. पियानोच्या किंवा सतारीच्या लांब सुरात ती थरथर ऐकू येते. दुसरं, बेल्ट बसतो त्या भागाला मधोमध दिसेल-न-दिसेल इतका फुगवटा. चपटा बेल्ट नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो, त्यामुळे फुगवट्यावर तो आपोआप मध्ये राहतो, सपाट पुलीवर खाली-वर भटकतो. तिसरं, व्यास मापापेक्षा ०.०३ मि.मी. जास्तच ठेवायचा. तो नंतर कमी करता येतो, वाढवता येत नाही.

पुली येईपर्यंत बाकीची साफसफाई. बेअरिंगची विहीर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसायची, काडी पांढरी निघेपर्यंत. शाफ्टवर उभे ओरखडे नाहीत हे नख फिरवून बघायचं. मग एसएई २० चं साधं, डिटर्जंट नसलेलं तेल, चार-पाच थेंब. शाफ्ट सावकाश सोडायचा, आत कोंडलेली हवा बाहेर यायला वेळ द्यायचा. जास्तीचं तेल वर आलं तर लगेच पुसायचं, कारण तेच पुढे बेल्टवर पोचतं. ग्रीस नाही. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, पण पातळ असल्याने लवकर संपतं. नवा बेल्ट चपटा, घासून एकसारख्या जाडीचा केलेला, यंत्राच्या मापाचा. बसवण्याआधी आतल्या प्लॅटरची कड आणि पुली अल्कोहोलने पुसायची आणि नंतर तिथे बोट लावायचं नाही.

पुली बसली. चाचणी रेकॉर्डवरचा ३१५० हर्ट्झचा सूर आधी मोबाइलच्या ॲपवर २६२५ दाखवत होता, आता ३१६४. म्हणजे ०.४४ टक्के जास्त, ठेवलेल्या जास्तीच्या व्यासामुळे आणि थोडा बेल्टच्या जाडीमुळे. मोटर चालू ठेवून १२०० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, मग पुसणं, बेल्ट चढवणं, पुन्हा मोजणं. ३१५३ वर थांबलो. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, कारण आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात खालीवर होत असते आणि मोटर तिच्यामागे जाते. पुलीवरच्या ४५ फेऱ्यांच्या पायरीला तोच हिशेब, वेगळा सांगत नाही.

स्प्रिंगा शेवटी. आधी बाहेरची चौकट पाणसळीत आणायची, मग प्लॅटरवर रेकॉर्ड ठेवून, बेल्ट चढवून, तिन्ही नट पाव-पाव फेऱ्याने फिरवत आतला सांगाडा. प्लॅटर मध्यावर हलकेच दाबून सोडला की तो सरळ वर-खाली झाला पाहिजे. कमरेत लचकला तर एक नट अजून चुकलाय. बोटाच्या गाठीने चौकटीवर ठोकलं आणि सुई जागची हलली नाही, की हे काम संपलं.

टोनआर्मला नवं कार्ट्रिज, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, सुईवरचं वजन २ ग्रॅम, काट्यावर मोजून. प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन जुळवायच्या मापपट्टीवर) ६६ आणि १२०.९ मि.मी. या दोन बिंदूंवर सुई खोबणीच्या रेषेत आणली. या आर्मला अँटिस्केटिंग, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असते ती सोय, नाही. त्यामुळे वजन कमी ठेवलं तर रेकॉर्डच्या शेवटी उजवा चॅनल आधी फाटतो. "हलकी सुई म्हणजे रेकॉर्डची काळजी" हा समज इथे उलटा पडतो.

काकूंनी मोबाइलवर पेटीचा सूर लावून पडताळलं. काळी दोन. मग त्यांच्या लक्षात आलं की भावाने याच यंत्रावरून बऱ्याच रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्यात आणि त्यातल्या काही रेकॉर्डी आता घरात नाहीत. त्या वाया गेलेल्या नाहीत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'चेंज स्पीड' (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') घ्यायचं, नुसतं 'चेंज पिच' नाही, आणि गुणक १.२०० द्यायचा. स्वर आणि लय दोन्ही एकदम जागेवर येतात, २४ मिनिटांची बाजू २० ची होते. त्याहून स्वच्छ रीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या फाइलला तिचा दर ५२,९२० आहे असं सांगायचं. एकही नमुना बदलत नाही, फक्त वाजण्याचा वेग बदलतो. आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड वाजवताना खर्ज-तार पूर्ववत करणारी दुरुस्ती) मात्र चुकीच्या वेगावर लागलेलं असल्याने खर्ज आणि तारेच्या समतोलात एका डेसिबलच्या आसपास फरक उरतो. मूळ फाइली पुसू नका, एवढं बजावलं. ज्या रेकॉर्डी अजून कपाटात आहेत त्या नव्याने उतरवलेल्या बऱ्या.